मंडळानं कोणता स्टँडअपवाला आणावा? पाच प्रेक्षक, दोन संध्याकाळ, एक वही

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होताहेत. दरवर्षीचा ऑर्केस्ट्रा यंदा नको, स्टँडअप आणा, असा पोरांनी हट्ट धरला. भाचा म्हणाला, "मामा, मिळमिळीत नको हां. झणझणीत कुणीतरी बघ." तात्या म्हणाले, "मंडळाच्या पावतीपुस्तकावर गणपतीचं चित्र आहे, तेवढं लक्षात असू द्या." आणि निर्णय पडला माझ्या गळ्यात.

मग मी एक उद्योग केला. दोन संध्याकाळी घरच्या टीव्हीला मोबाइल जोडला आणि मंडळी बसवली. तात्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. वहिनी. शेजारचे अण्णा, ज्यांचं घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि शिव्या दोन्हींत. इंजिनिअरिंगला असलेला भाचा. आणि पाचवा मी, वही घेऊन. कोण कुठं हसतं आणि कोण कुठं उगाच पाणी प्यायला उठतं, ते टिपत गेलो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या मंडळांपुढं हाच प्रश्न असेल, त्यांना ही वही उपयोगी पडावी.

पहिला नंबर अर्थातच राजकीय विनोदाचा, कारण भाच्याच्या यादीत कुणाल कामरा सगळ्यात वर. मार्च २०२५ मध्ये त्यानं एका जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर एकनाथ शिंदे यांचं नाव न घेता विडंबन केलं. त्यात 'गद्दार' शब्द आला आणि मुंबईत खारच्या ज्या हॅबिटॅट स्टुडिओत हे चित्रित झालं होतं, तो शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडाही तिथं पोचला. कामराला मद्रास उच्च न्यायालयाकडून अंतरिम अटकपूर्व जामीन घ्यावा लागला. जागा चालवणाऱ्यांनी मात्र शटर खाली ओढलं. मंडळाच्या खजिनदारानं हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

भाचा लोळून हसला. तात्याही हसले, पण मोकळे हसले, अंगावर काहीच न आल्यासारखे. मी विचारलं, "तात्या, इतकं मोकळं कसं काय?" ते म्हणाले, "अरे, ते आपले थोडेच आहेत?" आणि तिथंच माझ्या वहीतलं पहिलं खरं टिपण झालं. आम्ही बातम्या मुंबईच्या बघतो आणि मतं बेंगळुरूसाठी देतो. महाराष्ट्राच्या पुढाऱ्यावरचा विनोद आम्हाला शब्दन् शब्द कळतो, संदर्भासकट कळतो, पण तो आम्हाला चिमटा काढत नाही. माहेरच्या भांडणाच्या गोष्टी सासरी बसून ऐकाव्यात, तसलं हे हसणं. मुंबईच्या प्रेक्षकाला हसताना आजूबाजूला बघावं लागतं. आम्हाला ते लागत नाही, आणि उपहासाची निम्मी चव त्या आजूबाजूला बघण्यातच असते.

अण्णांनी दुसऱ्या संध्याकाळी याचा वचपा काढला. त्यांनी त्यांच्या मोबाइलवरून मास्टर हिरण्णय्या लावले. कर्नाटकात ज्यांना नाटक माहीत आहे त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. १९३४ साली जन्मलेला आणि २०१९ साली गेलेला हा माणूस रंगमंचावर उभा राहून समोर मंत्री बसलेला असला तरी मंत्र्यांची सालं काढायचा. त्यांचं गाजलेलं नाटक 'लंचावतार'. कन्नडमधलं लंच म्हणजे आपली लाच, जेवण नव्हे. संहिता ठरलेली, पण आजच्या पेपरात जे आलं ते रात्रीच्या प्रयोगात घुसवायचं, ही त्यांची खासियत. आपल्याकडं वगात सोंगाड्या हेच करायचा. राजाच्या दरबारात उभा राहून राजाला गावच्या सरपंचाचा हिशेब विचारायचा. दादा कोंडक्यांनी ही कला कुठल्या कुठं नेली, ते ज्यांनी बघितलं त्यांना ठाऊक आहे.

तात्या आधी भिंतीकडं तोंड करून बसले होते. तात्यांना कन्नड उत्तम येतं. येत नाही असं ते फक्त १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, म्हणतात. दहाव्या मिनिटाला कचेरीतल्या लाचखाऊ कारकुनाचा प्रसंग आला आणि तात्यांच्या तोंडून नको असताना हसू फुटलं. चहा अंगावर सांडला. कारण तो कारकून त्यांनी बघितलेला. सात-बाराच्या उताऱ्यासाठी त्याच्या टेबलापुढं ते तीनदा उभे राहिलेले. अण्णा शांतपणे म्हणाले, "काय सर, लागलं ना कुठंतरी?"

म्हणजे गंमत अशी की आमच्यावर राज्य करणाऱ्यांची टिंगल कन्नडमध्ये चालते आणि आमच्या भाषेतली टिंगल दुसऱ्यांच्या राज्यकर्त्यांची असते. सीमाभागातल्या मंडळानं कलाकार निवडताना एवढी एक गोष्ट धरून ठेवली तरी निम्मं काम झालं. आजच्या पिढीत गंगावती प्राणेश आहेत. उत्तर कर्नाटकच्या बोलीत बोलतात, अण्णांच्या घरी पाठ आहेत. पण त्यांचा विनोद घरगुती, नवरा-बायको, मास्तर-विद्यार्थी असा. झणझणीत हवं असलेल्या भाच्याला तो वरणभात वाटला. वहिनींना मात्र तोच सगळ्यात आवडला, भाषा अर्धी कळूनसुद्धा.

आता शिव्यांचं बघू, कारण मंडळाच्या मीटिंगमध्ये नव्वद टक्के वेळ यावरच जाणार.

भाच्याच्या पिढीचा देव समय रैना. त्याच्या यूट्यूबवरच्या कार्यक्रमात फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पाहुण्यानं स्पर्धकाला आई-वडिलांवरून जो प्रश्न विचारला, त्यावरून देशभर केसेस झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि रैनानं सगळे भाग काढून टाकले. चित्रीकरणाची जागा तीच, खारचं हॅबिटॅट. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला एआयबी या विनोदी कंपूचा रोस्ट झाला होता, तोही असाच इंटरनेटवरून उतरवावा लागला. या जातीचा विनोद ठरवून अपमान करण्याचा असतो. समोरचाही तो अपमान करून घ्यायला तयार होऊन आलेला असतो. करार दोघांत आहे, प्रेक्षक त्याचा साक्षीदार. घरच्या हॉलमध्ये बसलेला सासरा त्या करारात नसतो, तिथं घोटाळा होतो.

आम्ही बेळगावचे लोक शिवीला घाबरतो असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं 'गणगोत'मधले पुलंचे रावसाहेब वाचलेले नाहीत. रावसाहेब इथलेच. पुलं इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्या काळातलं ते मैत्र. त्या माणसाच्या तोंडी शिवी म्हणजे स्वल्पविराम. जितका माणूस जवळचा तितकी शिवी घसघशीत. आमच्या खडेबाजारात आजही दोन मित्र भेटले की पहिला शब्द छापण्यासारखा नसतो. मग वहिनी टीव्हीवरची तीच शिवी ऐकून उठल्या कशाला? मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "शिवीचं काही नाही हो. शेजारी तात्या बसलेत, त्याचं आहे."

अमेरिकेत जॉर्ज कार्लिन या स्टँडअपवाल्याची गोष्ट अगदी हीच. टीव्हीवर कधीच न उच्चारता येणारे सात शब्द, असा त्याचा १९७२ सालचा नंबर. तो केला म्हणून मिलवॉकीत त्याला अटक झाली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रानं तसलाच तुकडा भरदुपारी वाजवला. एका बापानं तो मोटारीत मुलाबरोबर ऐकला आणि तक्रार केली. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की मुलं ऐकत असतील अशा वेळी असलं प्रसारण सरकारी नियामकाला रोखता येतं. म्हणजे तिथंही वहिनींचंच म्हणणं मान्य झालं म्हणायचं. मंडळासाठी याचा अर्थ सरळ आहे. शिव्यांचा कार्यक्रम करायचा तर तिकीट लावून, रात्री साडेनऊला, बंद हॉलमध्ये करा. मांडवात, पहिल्या रांगेत आज्या बसवून करू नका.

रोस्टवाल्यांचा आणि हल्लीच्या बहुतेक स्टँडअपवाल्यांचा आणखी एक खेळ असतो. पुढच्या रांगेतल्या माणसाला पकडायचं, नाव विचारायचं, काम विचारायचं आणि त्यावरच पंधरा मिनिटं काढायची. पुण्या-मुंबईत हे झकास चालतं. बेळगावात नाव विचारलं की आडनाव येतं, आडनावावरून बाजू येते, आणि कलाकारानं भोळेपणानं "तुम्ही बेळगाव म्हणता की बेळगावी?" असं विचारलं की हॉलमधला एसी बंद पडल्यासारखं होतं. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्याच तारखेला कन्नड बाजूला राज्योत्सव आणि मराठी बाजूला काळा दिन असतो. बाहेरून आलेल्या पोराला हे कोण सांगणार?

एकदा आम्ही हे भोगलंय. पाचेक वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला पुण्याहून एक कलाकार आला होता, नाव जाऊ दे. आल्या आल्या त्यानं सीमाप्रश्नावर एक टाळीचं वाक्य टाकलं. मराठी रांगांनी टाळ्या दिल्या, कन्नड रांगा गप्प. टाळी मिळाली म्हणून तो खूश झाला आणि पुढच्याच मिनिटाला आमच्या बोलीची नक्कल करायला लागला. "काय करूलालास? जेवूलालोय की!" असं पाच-सहा वेळा. आता मराठी रांगाही गप्प. ज्यांच्यासाठी तो महाराष्ट्र मागत होता, त्यांच्याच तोंडची भाषा त्याला चेष्टेची वाटत होती. आणि गंमत बघा, त्या वेळी हॉलमध्ये एकटे मोठ्यांदा हसले ते कन्नड रांगेतले एक आजोबा. त्यांना म्हणे पहिल्यांदाच आमचं मराठी नीट कळलं.

म्हणून यूट्यूबवरच्या भाडिपासारख्या मंडळींनी २०१६ पासून मराठी स्टँडअपला जे दिवस दाखवले, त्याचं कौतुक पूर्ण ठेवूनही सांगतो: पुण्याचा कलाकार आणायचा तर आधी तासभर फोनवर बोला. पुणेरी पाट्या आणि सदाशिव पेठ इथं चालतात, आवडीनं चालतात. आमची बोली मात्र आमच्यातल्याच कुणीतरी चेष्टेला घ्यावी.

स्वतःवर आणि स्वतःच्या माणसांवर उलटणारे कलाकार हा चौथा प्रकार. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबीचा 'नॅनेट' २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. विनोद म्हणजे आधी ताण निर्माण करायचा आणि मग तो सोडवून द्यायचा, हे ती उलगडून सांगते आणि मग मुद्दाम ताण सोडवतच नाही. वहिनी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. भाचा म्हणाला, "यात हसायचं कुठं?" वहिनी म्हणाल्या, "तुला नाही कळायचं." अमेरिकेच्या डेव्ह शॅपेलचं नेमकं उलटं झालं. भाचा खूश, वहिनींच्या कपाळाला आठी. २०२१ मध्ये त्याच्या कार्यक्रमातल्या ट्रान्सजेंडर लोकांवरच्या विनोदांवरून नेटफ्लिक्सचे काही कर्मचारीच काम सोडून बाहेर आले होते, तर आमच्या हॉलमध्ये आठी पडली यात नवल नाही.

आपल्याकडं या वळणावर वीर दास. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये त्यानं 'मी दोन भारतांतून येतो' ही कविता म्हटली आणि इकडं तक्रारी दाखल झाल्या. २०२२ मध्ये एका संघटनेच्या तक्रारीनंतर त्याचा बेंगळुरूचा प्रयोग रद्द झाला, आणि २०२३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. तात्यांना इंग्रजी गतीमुळं निम्मं निसटलं, पण ती कविता त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. "दोन म्हणतोय," ते म्हणाले, "आमचे मोजायला सांग याला."

कायद्याचं थोडक्यात, पण चुकवू नका. स्टँडअपवाला मुनव्वर फारुकी याला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. त्याच्याबरोबर कार्यक्रमाचे आयोजकही आत गेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेंगळुरूत पोलिसांनी त्याचा प्रयोग होऊ दिला नाही. धार्मिक भावना दुखावल्याचं जुनं २९५ अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, समाजांत तेढ लावल्याचं १९६. कलाकार गाडीत बसून कोल्हापूरला निघून जातो, पावतीवर सही मंडळाच्या अध्यक्षाची असते.

मग माझा कौल काय? कॉलेजच्या पोरांपुरता, तिकीट लावून, बंद हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर रैना-कामरा वळणाचा हिंदीवाला आणा, पोरं पैसे वसूल झाले म्हणतील. सगळ्या गल्लीचा असेल तर कन्नडमधला कुणीतरी पहिला आणि इथलाच मराठी मुलगा दुसरा, असे दोघे एका रात्री ठेवा. पैसे कमी लागतात हा फायदा वेगळा. पुण्याच्या मोठ्या नावामागं मी जाणार नाही, निदान यंदा तरी.

हा कौल मी टीव्ही बंद केल्यावर ठरवला, आणि त्याला कारण झालं. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मोबाइलचं चार्जिंग संपलं. अण्णा उठले आणि पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्याची नक्कल कन्नडमध्ये सुरू केली, टाकीत पाणी नसतानाचं भाषण. तात्या बसल्या जागेवरून मराठीत त्याचा दुभाषा झाले आणि प्रत्येक वाक्याचं मुद्दाम चुकीचं भाषांतर करायला लागले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. भाचा खुर्चीवरून खाली आला. दोन संध्याकाळींत पाचही जण एकाच वेळी हसले ते याच दहा मिनिटांत.

भाच्यानं वहिनींच्या फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. तात्यांनी लगेच ते पुसायला लावलं. अण्णांनीही.