टोपण उघडलंच नव्हतं, फिल्टरचे पैसे मात्र तीनदा घेतले

गाडीच्या तीन सर्व्हिसची तीन बिलं माझ्याकडे आहेत. तिन्हींवर इंजिन ऑइलच्या खाली ‘ऑइल फिल्टर 1 नग’ (ऑइल गाळणारा) आणि ‘ओ-रिंग 1 नग’ (फिल्टरच्या टोपणातून ऑइल गळू नये म्हणून बसवायची रबरी रिंग) असं लिहिलेलं आहे. यातलं ऑइल तेवढं गाडीत गेलं. फिल्टर आणि रिंग तिन्ही वेळा गेलेच नाहीत, आणि हे मला कळायला चौथी सर्व्हिस उजाडावी लागली.

चौथ्या वेळी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने गाडी वर घेतली, खालचं कव्हर काढलं आणि मला हाक मारली, ‘‘जरा इकडे या, हे बघून घ्या. नंतर म्हणाल मी केलं.’’ टॉर्चच्या उजेडात फिल्टरचं काळं प्लॅस्टिकचं टोपण दिसत होतं. त्याच्या कडेने पाना बसवायला ज्या खाचा असतात, त्यातल्या चार-पाच पार गुळगुळीत झालेल्या. एका बाजूला केसाएवढी चीर. आणि टोपण जिथे हाऊसिंगला, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो त्या घराला टेकतं, तिथे बोटाने फासलेलं सीलंट (गळती बुजवायचा चिकट लेप), वाळून घट्ट झालेलं. त्या सीलंटवर बोटाचा ठसासुद्धा उमटला होता.

म्हणजे झालं असं होतं. पहिल्या गॅरेजमध्ये टोपण निघेना. सैल बसणारा पाना लावून जोर केला, तो घसरला, खाचा गेल्या, कडेला चीर पडली. तिथून ऑइल पाझरायला लागलं तेव्हा वरून सीलंट थापलं आणि गाडी माझ्या ताब्यात दिली. पुढच्या दोन सर्व्हिसला तर त्या टोपणाला कुणी हातही लावला नसणार. हात लावला की आपलंच बिंग फुटणार होतं.

ज्यांच्या गाडीत पत्र्याच्या डब्यासारखा फिल्टर आहे, त्यांना खालून वाकून पाहिलं तरी नवा डबा ओळखू येतो. माझ्या गाडीसारख्या गाड्यांत फक्त आतला कागदी फिल्टर बदलतात आणि तेच जुनं टोपण परत लावतात. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. इथेच फसवायला मोकळं रान मिळतं.

नव्या मिस्त्रीला ते टोपण काढायला जवळजवळ दीड तास लागला. आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवून कोमट केलं, सीलंट पात्याने खरवडून काढलं. मग बरोबर मापाचा वाटीसारखा पाना रबरी हातोडीने ठोकून बसवला. उरलेल्या खाचांवर तो धरला, अर्धा इंच फिरला आणि पुन्हा घसरला. पट्ट्याचा पानाही लावून पाहिला. शेवटी मला विचारून त्याने टोपणाच्या कडेला छिन्नी लावली आणि उलट्या दिशेने हलके ठोके देत ते फिरवलं. हाऊसिंगच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांना धक्का लागू नये म्हणून तो जीव मुठीत धरून काम करत होता. आटे गेले असते तर सगळं हाऊसिंगच बदलावं लागलं असतं. टोपण तुकड्यांत निघालं. प्लॅस्टिकचा एकही कण आत राहू नये म्हणून त्याने हाऊसिंग दोनदा पुसून घेतलं.

आतून निघालेला फिल्टर मी हातात घेतला. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटून आत दबल्या होत्या, बोटाला काळा, दाट गाळ लागला. त्यावर गाडी बनवणाऱ्या कंपनीची खूण होती. माझ्या तिन्ही बिलांवर दुसऱ्याच कंपनीचा फिल्टर लिहिलेला आहे. ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती, चपटी झाली होती, आणि वाकवताच कट्कन तुटली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. फिल्टर असा तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनभर फिरतं. इंजिन कोरडं पडू नये म्हणून ती सोय असते. त्यामुळे ऑइलचा दिवा लागत नाही, आवाज बदलत नाही, आपण खुशाल गाडी चालवत राहतो. सीलंटचा तुकडा सुटून आत गेला असता तर इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमधल्या जाळीवर बसून तिथला रस्ताही अडला असता.

एक खूण मला आधीच मिळाली होती आणि मी ती सोडून दिली, म्हणून ती मुद्दाम सांगतो. माझ्या गाडीच्या पुस्तकात ऑइलची दोन मापं छापलेली आहेत: फिल्टर बदलला तर 4.2 लिटर, न बदलता 3.9 लिटर. दुसऱ्या सर्व्हिसनंतर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं होतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘‘थोडं जास्त असलेलं बरं असतं.’’ बरं मुळीच नसतं. जुना फिल्टर आणि हाऊसिंगमधलं जुनं ऑइल आतच ठेवून वर पूर्ण 4.2 लिटर ओतलं होतं. तुमच्या पुस्तकातली ही दोन मापं आजच बघून ठेवा.

तुकडे, फिल्टर आणि बिलं घेऊन मी जुन्या गॅरेजवर गेलो. मालक म्हणाला, ‘‘प्लॅस्टिकच ते, तुटणारच. आणि तो पोरगा आता आमच्याकडे नाही.’’ पुढची सर्व्हिस फुकट करून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. पहिल्याच दिवशी ‘टोपण अडकलंय, तुटू शकतं, नवं घालावं लागेल’ एवढं सांगितलं असतं तर मी एका शब्दाने तक्रार केली नसती. टोपणं अडकतात. मागच्या वेळी कुणी गरजेपेक्षा जास्त आवळलं, किंवा रिंग कोरडीच बसवली, की अडकतात.

आता गाडी देतानाच सांगतो: जुना फिल्टर आणि जुनी रिंग मी घरी नेणार आहे. नवी रिंग तिच्या खाचेत बसताना, तिला ताजं ऑइल लावताना मी उभा असतो. नव्या टोपणावरच 25 न्यूटन मीटर असं कोरलेलं आहे, म्हणजे किती जोराने आवळायचं ते माप; तेवढंच, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळून घेतो. परवाच्या सर्व्हिसला मोजून 4.2 लिटर ओतलं, इंजिन चालवून बंद केलं, थोडं थांबून डिपस्टिक काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होतं.