स्काऊटच्या शर्टावर बॅज: हातशिलाई, टेलर, इस्त्री की वेलक्रो?

जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडतात आणि नागपुरातल्या टेलरांकडे गणवेशांचे गठ्ठे पडतात. अशा वेळी स्काऊटचा करडा शर्ट आणि चार-पाच कापडी बॅज घेऊन गेलात, तर "पुढच्या आठवड्यात बघू" हेच ऐकायला मिळणार. एवढुशा कामासाठी मशीनवरचं काम कोण बाजूला ठेवेल? मग घरीच सुई काढायची, इस्त्रीने चिकटणारी जाळी आणायची की वेलक्रो लावायचा, असा प्रश्न येतो. माझं म्हणणं आधीच सांगते: सगळ्या शर्टाला एकच पद्धत लावू नका. बॅज कुठे बसणार आणि किती काळ राहणार, हे बघून ठरवा.

भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या गणवेशात स्काऊटच्या दोन्ही खांद्यांवर, शिवणीच्या लगेच खाली, अर्धगोल पट्टी असते. डाव्या खिशावर हिरव्या कापडाचा सदस्यत्वाचा बॅज, उजव्या खिशावर जांभळा जागतिक स्काऊट बॅज. डाव्या बाहीवर सोपानाचा, म्हणजे स्काऊटने गाठलेल्या पायरीचा; उजव्या बाहीवर प्रावीण्याचे, म्हणजे एकेका कौशल्यासाठी मिळणारे. कब (लहान मुलगे), बुलबुल (लहान मुली) आणि गाईड (मोठ्या मुली) यांचं गणित थोडं वेगळं, त्यामुळे शर्ट किंवा फ्रॉक मुलाच्या अंगात असतानाच स्काऊट मास्तरांकडून किंवा गाईड कॅप्टनकडून जागा खडूने आखून घेतलेली बरी. टेबलावर पसरलेल्या बाहीचा मध्य आणि अंगातल्या बाहीचा मध्य एक नसतो.

यातले खांद्याचे आणि खिशाचे बॅज शर्ट आखूड होईपर्यंत तिथेच राहतात. सोपानाचा मात्र बदलतो: प्रथम निघाला की द्वितीय, मग तृतीय, पुढे राज्य पुरस्कार. प्रावीण्याचे निघत नाहीत, पण वाढत जातात.

आता टेलर. मशीनची टीप सगळ्यांत पक्की, यात वाद नाही. खांद्याच्या पट्टीला ती छान शोभते आणि धुलाईला दाद देत नाही. पण खिशावर मशीन मारलं तर खिसाच शिवला जातो. चांगला टेलर खिशाची एक बाजू उसवून बॅज लावतो आणि खिसा परत शिवतो. घाईतला टेलर सरळ टीप मारून मोकळा होतो. शर्ट देतानाच "खिसा उसवून लावाल ना?" हे विचारा, आणि पैसेही तेव्हाच ठरवा. लहान मुलाच्या अर्ध्या बाहीची गत तशीच. बाही अरुंद, साध्या मशीनवर सपाट बसत नाही, मग कुशीची शिवण उसवावी लागते किंवा बाही ओढूनताणून बॅज वाकडा बसतो. शिवाय मशीनचा टाका काढताना कापडाला भोकं दिसतात. सोपानाच्या बॅजसाठी म्हणूनच मी मशीन नकोच म्हणेन.

हातशिलाईला वेळ लागतो, बोटं टोचतात, पण शर्टावर अशी एकही जागा नाही जिथे ती चालत नाही. खिशात एक जाड पुठ्ठा सरकवला की मागचं कापड सुईत येत नाही. बाहीतही तोच पुठ्ठा. बॅजच्या कडेच्या रंगाचा पॉलिस्टरचा दोरा एकेरीच घ्या आणि साडीच्या फॉलला करतात तशी बारीक तुरपाई करा. नुसता धावदोरा घातला तर कड उचलली जाते आणि मुलं तिथेच नख घालतात. पारदर्शक नायलॉनचा दोरा दिसत नाही म्हणून मोहात पाडतो, पण गरम इस्त्रीने तो वितळू शकतो आणि त्याची टोकं अंगाला टोचतात. छापील बॅजच्या कडा कच्च्या असतील तर आधी थोड्या आत दुमडून इस्त्री करा, नाहीतर चार धुलाईत दोरे सुटतील.

घरी कोणाला जमत नसेल तर टेलरपेक्षा पिको-फॉल करणाऱ्या ताईंकडे जा. महालात, गोकुळपेठेत, कुठल्याही वस्तीत पिको-फॉलची पाटी दिसतेच. त्यांचा हात दिवसभर तुरपाईवरच चालतो, त्यामुळे खिशावरचा बॅज त्या नामांकित टेलरपेक्षा साफ लावून देतात.

इस्त्रीने चिकटणारी जाळी कापड आणि बॅजच्या मध्ये ठेवायची, वरून पातळ सुती फडकं टाकायचं आणि इस्त्री न फिरवता दाबून धरायची. ऐनवेळेला हे भारी वाटतं. प्रश्न कापडाचा आहे. गणवेश बहुधा टेरीकॉटचा. जाळी नीट वितळेल एवढी इस्त्री तापवली तर टेरीकॉटवर चकाकी येते, आणि कमी तापवली तर कडा पकडत नाहीत. गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासण्याची सवय असलेल्या घरात हा बॅज पहिली दिवाळीही बघत नाही. मात्र टाके घालण्याआधी बॅज जागेवर धरून ठेवायला जाळीचा छोटा तुकडा झकास. पांढऱ्या फेव्हिकॉलचा एक ठिपकाही तेवढ्याला चालतो. त्याच्या भरवशावर शर्ट धुवायला मात्र टाकू नका. फेव्हिक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचं नावच नको. सुती कापडावर पडला की तो तापतो, चटका बसू शकतो, आणि वाळल्यावर कडक पांढरा डाग राहतो.

वेलक्रोचे चाहते पुष्कळ आहेत, आणि सोपानाच्या बॅजसाठी त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो: काढा, लावा, धुताना बाजूला ठेवा. वापरायचाच तर मऊ बाजू शर्टावर शिवा आणि खरखरीत बाजू बॅजला, म्हणजे धुलाईत खरखरीत बाजूला दोरे अडकणार नाहीत. मागे चिकट पट्टी असलेला वेलक्रो कापडावर टिकत नाही, तोही शिवावाच लागतो. मग मेहनत दुप्पट झाली, वर बॅज फुगलेला दिसतो. टिचबटणांचंही तेच. प्रावीण्याच्या छोट्या गोल बॅजला तर वेलक्रो शोभतच नाही. आणि मैदानावर दोन मुलांची झटापट झाली की बॅज गवतात. सेफ्टी पिन कस्तुरचंद पार्क मैदानावरच्या संचलनात ऐनवेळी टाका सुटला तर, तेवढ्यापुरतीच.

शर्ट नंतर धाकट्याला जाणार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. नागपूरच्या उन्हात शर्टाचा रंग उतरतो, पण बॅजखालचं कापड तसंच राहतं. वर्षाने बॅज काढला की तिथे गडद गोल उठून दिसतो, मग तो हाताने लावलेला असो की मशीनने. त्यामुळे नवा सोपान जुन्याच जागी लावा आणि शर्ट सावलीत, उलटा करून वाळत घाला.

नवा शर्ट आणल्या आणल्या बॅज लावू नका. आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करा. सुतीचं प्रमाण जास्त असेल तर कापड पहिल्या पाण्यात आटतं, बॅज आटत नाही, आणि मग भोवती सुरकुत्या पडतात. स्टार्च मात्र बॅज लावल्यावरच; कडक कापडात सुई जाता जात नाही.

एकूण माझी निवड अशी: खांद्याच्या पट्ट्या टेलरकडे, तेही गर्दी ओसरल्यावर, खिसे आणि दोन्ही बाह्या हाताने. टेलरकडे जायला सवडच नसेल तर खांदेही हातानेच लावा, टाके जरा जवळ घाला. प्रावीण्याचा पहिला बॅज लावताना पुढच्यांसाठी बाजूला आणि खाली जागा सोडा. उत्साही मुलाची उजवी बाही बघता बघता भरते, आणि मधोमध लावलेला एकटा बॅज तेव्हा उसवावाच लागतो.