उसना नेलेला आणि बदलून परत आलेला इंजिनाचा ब्लॉक: नागपूरच्या हौशी रेसर्सना सावध करण्यासाठी

नागपूर आणि परिसरातील जे हौशी रेसर्स यामाहा आरएक्स १०० किंवा आरएक्स १३५ या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली स्वतः तयार करून मातीच्या ट्रॅकवर उतरतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. गेल्या मोसमात आमच्या ओळखीच्या एका माणसाने आमच्यापैकी अनेकांकडून अवजारे आणि सुटे भाग उसने नेले. त्यातील बहुतेक गोष्टी त्याने ठरल्या दिवशी परत आणून दिल्या, आणि त्यातील कित्येक आमच्या नव्हत्याच. उसनी वस्तू बुडवणारा माणूस लवकर उघडा पडतो, कारण फळीवरची रिकामी जागा रोज दिसते. वस्तू बदलून परत करणारा मात्र कित्येक महिने आपल्यासोबत चहा घेतो आणि पुढच्या रविवारी आणखी काहीतरी मागून नेतो. हा दुसरा प्रकार आमच्या वाट्याला आला आणि त्याविषयी उघडपणे बोलले जात नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो.

आपल्या खेळात देणेघेणे टाळता येत नाही. डायल गेज एकाकडे असतो, क्रँककेस उघडण्याचा पुलर दुसऱ्याकडे आणि भरवशाचा टॉर्क रेंच तिसऱ्याकडेच असतो. हे सगळे एकट्याने विकत घेणे नोकरी किंवा दुकान सांभाळून रेसिंग करणाऱ्याला परवडत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा विरळ होते, आणि हिवाळ्यात बरोबर बसलेला मेन जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) त्या हवेत पेट्रोल जास्त सोडू लागतो. त्यामुळे शर्यतीच्या सकाळी कोणाला एक नंबर लहान जेट हवा असतो, तर कोणाला त्याच्या खालचा, आणि तो ज्याच्याशी स्पर्धा आहे त्याच्याच डबीतून निघतो. गाडी सुरू होत नसलेल्या माणसाला नकार द्यायचा नाही, ही रीत आम्हाला आधीच्या पिढीच्या मुलांनी शिकवली, आणि मला तिचा आजही अभिमान आहे. तीच रीत त्या माणसाने वापरून घेतली, याचा राग पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठा आहे.

त्याची सुरुवात घेण्यापासून झाली नाही, देण्यापासून झाली. कोणाला पॅडॉक स्टँड (गाडी उभी धरणारा आधार) हवा असेल, चेन तोडण्याचे टूल हवे असेल किंवा टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) कमी पडले असेल, तर तो न मागता पुढे करी. स्वतः नेलेल्या लहानसहान वस्तू तो वेळेआधी आणि पुसून, तेल लावून परत करी. प्लग पाना, फिलर गेज, मॅग्नेट पुलर अशा गोष्टी त्याने इतक्या नेमाने परत केल्या की, मोठी वस्तू मागितल्यावर तिची नोंद करावी असे सुचवणेही अपमानास्पद वाटू लागले. शिवाय तो नेहमी चारचौघांत मागत असे, तेही शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, सगळे घाईत असताना. ‘दादा, सोमवारी दुकान उघडायच्या आत आणून देतो,’ असे दहा जणांसमोर म्हटल्यावर साक्षीदार भरपूर असतात. पण नेमकी कोणती वस्तू कोणत्या स्थितीत दिली, हे त्यांतील एकालाही सांगता येत नाही.

त्याचे औदार्य कशावर उभे होते, ते फार उशिरा कळले. मला त्याने वापरायला दिलेला पॅडॉक स्टँड कामठीच्या एका मुलाचा होता, आणि त्या मुलाला त्याने माझे जेट स्वतःचे म्हणून दिले होते. एकाचे घेऊन दुसऱ्याला द्यायचे आणि दुसऱ्याचे तिसऱ्याला, असा फेरा सतत चालू होता. प्रत्येकाला वाटे की या माणसाकडे मोठा साठा आहे, म्हणून त्याच्या मागण्यात कोणाला गरज किंवा हाव दिसत नसे. कोणी आपली वस्तू मागितलीच, तर ती ‘एका मित्राकडे’ असल्याचे उत्तर बहुतेक वेळा खरेच असे.

प्रकार उघडकीला आला तो टॉर्क रेंचमुळे. ठरावीक ताणाला ‘टक’ असा आवाज करणारा हा रेंच वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यानंतर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावा, असे आयएसओ ६७८९ हे मानक सांगते, आणि मी ते पाळतो. आरएक्सच्या हेडचे (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे) नट कमी आवळले तर गॅस्केटमधून गळती होते आणि जास्त आवळले तर स्टड ओढला जातो, म्हणून हा खर्च मला कधी अनाठायी वाटला नाही. या वर्षी रेंच तपासणीला दिला, तेव्हा तेथील माणसाने मागील प्रमाणपत्रावरील अनुक्रमांक आणि रेंचवर कोरलेला अनुक्रमांक जुळत नसल्याचे सांगितले. पेटी माझी होती, पेटीच्या झाकणावरचा ऑइलचा डाग ओळखीचा होता, कंपनी आणि मॉडेलही तेच होते. आतला रेंच मात्र दुसरा होता आणि तपासणीत तो बराच कमी ताणाला ‘टक’ करत असल्याचे आढळले. ही पेटी माझ्या गॅरेजबाहेर फक्त त्या एका माणसासोबत गेली होती.

त्याच रात्री फळीवरचा राखीव ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो तो इंजिनाचा सिलिंडर, खाली काढला. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्यामुळे मूळ बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) शाबूत असलेला, एकदाही आतून कापून मोठा न केलेला ब्लॉक आज सहजासहजी मिळत नाही, आणि जुन्या गाड्या नव्यासारख्या करून घेणारे शौकीन त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. माझा ब्लॉक तसा होता. त्याने तो ‘पोर्टची छाप घ्यायला’ म्हणून नेला होता; पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू ये-जा करण्याच्या खिडक्या. सिलिंडरच्या आत कागद लावून त्यावर पेन्सिल घासायची आणि पोर्टची उंची व रुंदी उतरवून घ्यायची, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे, त्यामुळे मागणी पूर्णपणे खरी वाटली. ब्लॉक परत आला तो धुऊन, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

येथे मापाने कसा दगा दिला, ते नीट समजून घ्यावे. या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वरखाली धाव) ५० मिलिमीटर असतो, आणि झीज झाल्यावर ब्लॉक पाव-पाव मिलिमीटरने मोठा करत नेतात. परत आलेल्या ब्लॉकचा बोअर मी मोजला, तर तो बरोबर ५० भरला, म्हणजे केवळ माप घेऊन थांबलो असतो तर समाधानाने तो पुन्हा फळीवर ठेवला असता. पण तो मुळात झिजून गेलेला ब्लॉक होता, ज्यात बाजारातली नवी स्लीव्ह (आतली नळी, म्हणजेच लाइनर) ठोकून ५० चा बोअर करून घेतला होता. हे ओळखायचे तर दिवा घेऊन पोर्टच्या आत पाहावे लागते. मूळ ब्लॉकमध्ये ॲल्युमिनियमची भिंत आणि बिडाच्या लाइनरची खिडकी एकमेकांना बऱ्यापैकी जुळलेल्या असतात. नव्या स्लीव्हची खिडकी मात्र अंदाजाने कापलेली असल्याने तेथे बोटाच्या नखाला अडेल अशी पायरी राहते. वरच्या पृष्ठभागावर, जेथे हेड गॅस्केट बसते तेथेही, स्लीव्हची ताजी यंत्रावर घासलेली कड जुन्या ॲल्युमिनियमपेक्षा वेगळी चमकते. आणि मी माझ्या ब्लॉकच्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड हाताने घासून गोलसर केली होती. या ब्लॉकमध्ये त्या कामाचा मागमूसही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन केले आणि प्रत्येकाने आपापली फळी तपासली. सक्करदऱ्याच्या एका मित्राच्या मिकुनी कार्बोरेटरचे वरचे झाकण आणि फ्लोट बाऊल मूळचे होते, मधला भाग नकली होता. दुसऱ्या एकाच्या क्रँकवरील कनेक्टिंग रॉड बदललेला निघाला. क्रँक दिसायला स्वच्छ होता, पण व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या आधारांवर) ठेवून डायल गेज लावल्यावर तो वाकडा फिरताना दिसला, आणि काटा इतका हलला की त्याने तो क्रँक पुन्हा गाडीत घातलाच नाही.

सर्वांत गंभीर बाब अजून सांगायची आहे. या घटनेच्या काही आठवडे आधी सरावात आमच्यातील एक जण सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात असताना त्याचे इंजिन जाम झाले. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकला, की मागचे चाक जागच्या जागी अडकते, आणि क्लच दाबायला जो क्षण मिळतो तो फार लहान असतो. त्याला तो मिळाला नाही. गळ्याजवळचे हाड मोडले, मोसम गेला, आणि आम्ही सर्वांनी ऑइलचे प्रमाण कमी पडले असावे, असे म्हणून विषय संपवला. त्या गाडीवर जो ब्लॉक होता, तोही याच माणसाकडे जाऊन आलेला होता. हिंगणा एमआयडीसीतील ज्या मिस्त्रींकडे आम्ही बोअरचे काम करतो, त्यांनी तो उघडून पाहिला. त्यांच्या मते सैल बसलेली स्लीव्ह सिलिंडरची उष्णता बाहेरच्या, हवेने थंड होणाऱ्या पंखांपर्यंत नीट पोहोचू देत नाही, पिस्टन फुगतो आणि धरतो. इतक्या काळानंतर हे शंभर टक्के सिद्ध करणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण मूळ ब्लॉक ज्याने विकला आणि हा पुढे सरकवला, त्याला तो कोणत्या वेगाने चालवला जाणार आहे हे पूर्ण ठाऊक होते.

आम्ही त्याला समोर बसवून विचारले. आधी त्याने हसण्यावारी नेले, मग ‘दादा, तुम्ही माझ्यावर संशय घेऊन राहिले का,’ असे दुखावल्या सुरात विचारले, आणि शेवटी जे नेले तेच परत दिले, तुमच्याकडे पुरावा काय, यावर तो ठाम राहिला. ब्लॉकच्या बाबतीत त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते. टॉर्क रेंचच्या बाबतीत मात्र प्रमाणपत्रावर अनुक्रमांक छापलेला होता, आणि रेंच नेताना त्याने मोबाइलवर पाठवलेला ‘रेंच पोहोचला, मंगळवारी देतो’ हा संदेशही होता. त्या दोन गोष्टींपुढे त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर त्याने येणे बंद केले.

पोलीस ठाण्यात पहिले उत्तर मिळाले की मित्रांमधील उसनवारी ही दिवाणी बाब आहे. हे उत्तर ऐकून अनेक जण घरी परततात, म्हणून कायद्याबद्दल जे आम्हाला वकिलांकडून समजले ते लिहितो. वापरासाठी फुकट दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो, मुदत ठरलेली असली तरी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५९ मध्ये तसे म्हटले आहे. केवळ परत न मिळणे हे दिवाणी मानले जाऊ शकते, परंतु विश्वासाने सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे विकून टाकणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, आणि सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दाखवता आला तर कलम ३१८ चाही विचार होतो. हेतू एका माणसाच्या तक्रारीतून दिसत नाही. तोच प्रकार अनेकांबाबत एकाच पद्धतीने घडला हे आम्ही तारखांसह लिहून, बदललेल्या भागांची छायाचित्रे जोडून, एकत्रित अर्ज दिला, तेव्हा तो स्वीकारून चौकशी सुरू झाली. ती अद्याप चालू आहे, म्हणून त्या माणसाची ओळख येथे देत नाही.

आम्ही देणेघेणे थांबवलेले नाही, आणि कोणी थांबवावे असे माझे म्हणणेही नाही. बदल एवढाच केला की, कोणताही मोठा भाग गॅरेजबाहेर जाण्याआधी घेणाऱ्याच्या देखत त्याची छायाचित्रे निघतात, ज्यात कास्टिंगवरील अक्षरे, पोर्टच्या आतील कड आणि शेजारी ठेवलेले व्हर्नियरचे माप दिसते, आणि ती लगेच घेणाऱ्यालाच पाठवली जातात. त्याने ‘मिळाले’ असे लिहिले की नोंद पूर्ण होते. अवजारांचे अनुक्रमांक वहीत आहेत. भागांवर नंबर पंचाने खूण केली आहे, मात्र ती दिसेल अशा जागी न करता गॅस्केटखाली किंवा इंजिनात झाकल्या जाणाऱ्या जागी केली आहे, कारण बाहेरची खूण कानशीने घासून काढायला दोन मिनिटे लागतात. परत आलेला भाग आणणाऱ्यासमोरच उघडून पाहिला जातो. प्रामाणिक माणसाला यात कमीपणा वाटत नाही, हा आतापर्यंतचा अनुभव आहे. उलट कामठीच्या त्या मुलाने आपल्या सगळ्या भागांची अशी नोंद आधी करून घेतली.

गेलेल्या वस्तू अजून बाजारात फिरत असतील, म्हणून हे लक्षात ठेवावे. आरएक्स १०० चा स्टँडर्ड बोअरचा, मूळ लाइनरचा ब्लॉक कोणी विकायला आणला, तर त्याच्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड हाताने गोलसर केलेली आहे का ते पाहावे, आणि खालच्या, क्रँककेसवर बसणाऱ्या पृष्ठभागाच्या डाव्या कोपऱ्यात पंचाने उठवलेली तीन टिंबे एका ओळीत आहेत का तेही पाहावे. मिकुनी कार्बोरेटरचा मूळ मधला भाग असेल, तर त्याच्या चोक लिव्हरच्या बाजूला, स्क्रूच्या छिद्राशेजारी, एक आडवी बारीक चीर आहे. यांपैकी काही आढळल्यास विकत घेऊ नये, विकणाऱ्याशी वाद घालू नये, छायाचित्र काढावे आणि शर्यतीच्या ठिकाणी आमच्यापैकी कोणालाही दाखवावे.