शेवटची एसटी गेली, आता काय वाजवायचं?

एकांकिका बसली आहे, नट तयार आहेत आणि दिग्दर्शक म्युझिकवाल्याला सांगतो, "इथे काहीतरी सॅड टाक." हे 'काहीतरी सॅड' शोधण्यात रंगीत तालमीची अख्खी रात्र जाते. म्हणून एकच प्रसंग धरून पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

प्रसंग असा. गावात रात्रीची शेवटची एसटी येऊन गेली, मुंबईचा मुलगा काही उतरला नाही. बाप ओट्यावर बसून आहे. चाळीस सेकंद संवाद नाही. मग आई दारात येऊन म्हणते, "चला, जेवून घ्या."

पहिला हात सारंगीकडे जातो. मोठा नेता गेला की आकाशवाणीवर सारंगीचे सूर लागायचे, हे चाळिशीपुढच्या प्रेक्षकाच्या कानात पक्कं बसलेलं आहे. तुम्ही सारंगी लावली की तो मनात म्हणतो, पोरगा गेला. संहितेत तसं पुढे उघड होणार असेल तर तुम्ही ते आधीच फोडलंत, आणि होणार नसेल तर प्रेक्षकाला उगाच चकवलंत.

बासरी सगळ्यांत सहज मिळते, म्हणूनच सगळ्यांत जास्त वापरली जाते. इथे वाद्यापेक्षा राग महत्त्वाचा. एकदा आम्ही भूप लावला होता. मध्यम-निषाद नसलेले तेच पाच स्वर चिनी संगीतातही सर्रास असतात, त्यामुळे तालीम बघायला आलेल्या मैत्रिणीने विचारलं, "हे चीनमध्ये घडतंय का?" याउलट मारवा. त्यात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारा-वाजवणारा षड्जावर, म्हणजे मूळच्या 'सा'वर येणं शक्य तितकं टाळतो. घरी पोचायचं आहे आणि पोचता येत नाही, अशी ती अवस्था. वाट बघणाऱ्या बापाला आणखी काय हवं? मारवा सूर्यास्ताचा, प्रसंग रात्रीचा, म्हणून स्पर्धेच्या परीक्षकांतला एखादा जाणकार भुवई उंचावेल. उंचावू दे. नाटकात वेळ दिव्यांनी कळते.

फक्त मारवा बासरीवर नको, सरोदवर घ्या, तोही मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला. कारण साधं आहे. आई बोलायला लागली की तिच्या शब्दांतली व्यंजनं साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट होतात, आणि बासरीचे वरचे सूर, व्हायोलिनची धार तिथेच घुटमळते. मग आवाज कितीही कमी केला तरी मागून ओरड येते, "ऐकू येत नाहीये!"

हाच हिशेब पाश्चात्त्य वाद्यांना. व्हायोलिन आणि चेलो यांत चेलो घ्या. त्याची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते, संवादाच्या वाटेत फारशी येत नाही. पण कॉलेजच्या हॉलमधले भोंगे खर्ज गिळून टाकतात. हेडफोनवर काळीज हलवणारा चेलो तिथे नुसती घरघर वाटतो. ज्या हॉलमध्ये प्रयोग, तिथेच ऐकून ठरवा. पियानोचं दुखणं वेगळं. तो सोबत मालिका आणि विम्याच्या जाहिराती घेऊन येतो. बाप हिंजवडीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसला असता तर पियानो चालला असता. ओट्यावर नाही.

सिंथेसायझरचा लांबलचक, एकसुरी गुंजारव कुठेही चालतो, म्हणून तो मला आवडत नाही. दहा सेकंदांनंतर प्रेक्षक भुताची वाट बघायला लागतो.

रेडिओवरचं जुनं सिनेमाचं गाणं मोहात पाडतं, पण त्यातले शब्द बापाच्या मनातलं बोलून टाकतात आणि नटाला काम उरत नाही. शिवाय प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर हक्कांचा प्रश्न येतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतात, पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, तेही कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाणं जुनं आहे म्हणजे मोकळं आहे, असं समजू नका.

आता लोकवाद्यं. ढोलकी इथे बादच. थाप पडली की पाय हलतो आणि तमाशाचा फड डोळ्यांपुढे येतो. हलगी अंगावर येते, त्यामुळे भांडण, मिरवणूक, ब्लॅकआउटमधला नेपथ्यबदल यांसाठी तिला तोड नाही. एकांकिकेची सुरुवातही तिनेच करा, विशेषतः प्रयोग पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, पुरुषोत्तम करंडकाला असेल तर. १९६३पासूनच्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत "अरे आव्वाज कुणाचा" या आरोळीचा धुरळा खाली बसायला वेळ लागतो, आणि हळुवार सुरावटीची पहिली काही सेकंदं त्यात वाहून जातात.

संबळाची गोष्ट मात्र न्यारी. बापाच्या दुःखाला साथ म्हणून तो वाजवलात तर हसू होईल. पण गावात दुसऱ्या कुणाच्या तरी दारी देवीचा गोंधळ चालला आहे आणि संबळ तिथून, लांबून ऐकू येतोय, असं करून बघा. गोंधळ बहुतेकदा लग्नानंतरचा. म्हणजे त्या घरचा मुलगा सून घेऊन आलाय, आणि या घरचा साधा एसटीतून उतरलेला नाही. लेखकाला एक ओळ लिहावी लागत नाही.

त्यासाठी वरच्या पट्टीतले सूर छाटा, आवाज एका बाजूच्या, शक्यतो विंगेतल्या स्पीकरमधूनच सोडा, आणि इको अजिबात नको; उघड्या माळावर घुमत नसतं. माझं मत याच पर्यायाला. दिग्दर्शकाला ते पटलं नाही तर सरोदचा मारवा.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी आईच्या वाक्याच्या दोन सेकंद आधी पूर्ण बंद करा. हळूहळू फेड नको, तोडाच. रातकिडेसुद्धा नकोत. तिला "चला, जेवून घ्या" निव्वळ शांततेत म्हणू दे.