'टांकश्टेले' की 'कोंग्रेस': आधी कोणता बघावा?

सुरुवातीच्या जर्मन बोलपटांतला एखादा हलकाफुलका चित्रपट बघायचा ठरवलं, की गाडी बहुधा या दोघांपाशी येऊन अडते: १९३० चा 'डी ड्राय फॉन डेअर टांकश्टेले', म्हणजे पेट्रोल पंपावरचे तिघे, आणि १९३१ चा 'डेअर कोंग्रेस टान्त्स्ट', म्हणजे परिषद नाचते. दोन्ही उफा या जर्मन चित्रपट कंपनीचे, निर्माते एरिश पोमर, संगीत वेर्नर रिचर्ड हायमन यांचं, आणि जोडीही तीच, लिलियन हार्वे व विली फ्रिट्श. गाण्यांत डावं-उजवं करणं मला तरी जमलेलं नाही.

मी आधी 'कोंग्रेस' बघितला. नेपोलियनच्या पराभवानंतर भरलेली १८१४-१५ ची व्हिएन्ना परिषद, रशियाचा झार आणि हातमोजे विकणारी क्रिस्टल (हार्वे). झारच्या बग्गीतून ती गात निघते तो प्रसंग मी थांबवून पुन्हा लावला. बग्गी बाजारातून, पुलावरून, शेतांतून जाते आणि वाटेतला जो तो तिचं गाणं उचलून धरतो. १९३१ साली कॅमेरा इतका मोकळा धावतो हे खरंच वाटत नाही. कॉनराड फाइटचा मेटर्निख, म्हणजे ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री, तर पलंगावर पडल्या पडल्या नळीतून सगळ्यांचं बोलणं ऐकत असतो!

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली. झारचा एक तोतया आहे, त्याचीही भूमिका फ्रिट्शच करतो. समोर आला की 'हा खरा की तो?' हे आधी ठरवायचं, मग हसायचं. त्यात मधल्या भागात नाचगाणी आणि दरबारी थाट इतका, की क्रिस्टल हातातून निसटते. शेवटी नेपोलियन परतल्याची बातमी येते, झार निघून जातो आणि ती मागे राहते. विनोदी म्हणून लावलेल्या चित्रपटानंतर मी बराच वेळ उदास होतो. कुणाला हेच भावेल, नाही असं नाही.

'टांकश्टेले' थाटात कमी पडतो, हे मान्य. पण तिघे मित्र सहलीहून घरी येतात, तर सामानावर जप्तीची सीलं! जर्मन लोक या सीलाला 'कुकुक' म्हणतात, म्हणजे कोकीळ. बेलिफासमोर रडगाणं गायचं सोडून हे तिघे त्याला गोड गाण्यातूनच विनवतात. मग गाडी विकून पंप काढतात आणि पाळ्या लावून घेतात. पेट्रोल भरायला येणाऱ्या एकाच मुलीवर तिघांचाही जीव जडतो, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं. तीन पाळ्या, तीन भेटी, आणि दर वेळी हार्वे समोर असते. तिला शोधावं लागत नाही. बर्लिनमध्ये हा १५ सप्टेंबर १९३० रोजी लागला, मंदीच्या ऐन काळात. घरोघरी दिवाळखोरीची धास्ती असताना दिवाळखोरांवर गाणी रचायला काळीज लागतं. पुढे १९३७ मध्ये नाझींनी त्यावर बंदी घातली.

उफा तेव्हा एकच कथा दोन-तीन भाषांत चित्रित करायची, 'प्रभात'ने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी-हिंदीत केला तशी. 'टांकश्टेले' फ्रेंचमध्येही आहे, पण माझं मत मूळ जर्मनलाच. फक्त गाण्यांनाही उपशीर्षकं असलेली प्रत घ्या, कारण निम्मी गोष्ट गाण्यांतच आहे.

आणि कथा मिटली म्हणून उठू नका. हार्वे आणि फ्रिट्श पडद्यापुढे येतात, तर प्रेक्षक अजून बसलेलेच! ऑपेरेटाचा, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकाचा, शेवटचा मोठा नाच राहिलाय हे तेव्हा त्यांच्या लक्षात येतं.