लोक अभिरक्षक कार्यालय: फुकटचा वकील आता पुकाऱ्याला हजर असतो

जिल्हा कोर्टाच्या आवारात माझं टायपिंगचं टेबल आहे. वकीलपत्र, जामीन अर्ज, प्रतिज्ञापत्र, नकलेचा अर्ज, सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे सरकारी खर्चाच्या वकिलाबद्दल मी जे लिहितेय ते ऐकीव नाही.

आधीची पद्धत अशी होती. गरीब आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) पॅनेलवरचा, म्हणजे यादीतला, वकील मिळायचा आणि त्या वकिलाला पैसे केसप्रमाणे. काम झालं की बिल करायचं, त्याला नेमणुकीचं पत्र, रोजनाम्याच्या (कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या नोंदीच्या) नकला, निकालाची प्रत जोडायची आणि वाट बघत बसायचं. ही बिलं मी टाइप केली आहेत. तारखांचा लांबलचक तक्ता: ‘हजर’, ‘साक्षीदार गैरहजर’, ‘पुढील तारीख’. एखाद्या दिवशीच्या रोजनाम्यात वकिलाची हजेरी नोंदलेली नसली की शेरा मारून बिल परत. एक वकीलसाहेब माझेही पैसे ‘बिल पास झालं की देतो ताई’ म्हणायचे, आणि बिल पास होईपर्यंत पावसाळा उलटायचा.

मग व्हायचं ते व्हायचं. खासगी पक्षकार फी घेऊन दारात उभा असला की मोफतवाल्याचा पुकारा झाला तरी वकील दुसऱ्या कोर्टात. पदरमोड करून केस लढवणारेही त्यांच्यात होते, हेही सांगायला हवं. पण काही जण आरोपीच्या आईकडून ‘झेरॉक्सचे’ म्हणून पाचशे घ्यायचे, आणि ती द्यायची. फुकटचा वकील खरंच फुकट असतो यावर तिचा विश्वासच नसायचा.

तसं पाहिलं तर वकिलाचे पैसे सरकारने द्यायचे, हे ठरून जमाना झाला. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1978, हा दाखला मी इतक्या अर्जांत टाइप केलाय की बोटांना पाठ आहे. नेमलेल्या वकिलाला कोर्ट ठरवील तेवढी वाजवी रक्कम राज्याने द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. प्रश्न होता तो पैसे कसे द्यायचे याचा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, 2022 मध्ये सुधारित योजना आणली. त्यातून आमच्याकडे लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींचा फुकट बचाव करणाऱ्या वकिलांचं कार्यालय, उघडलं. मुख्य, उपमुख्य आणि सहाय्यक अशी वकिलांची उतरंड, सगळ्यांना महिन्याचं मानधन आणि खासगी प्रॅक्टिस पूर्ण बंद. मुख्य अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. आरोपीने एक पैसा द्यायचा नाही.

फरक सगळ्यात आधी रिमांडला, म्हणजे अटकेनंतर आरोपीला कोठडीसाठी कोर्टापुढे उभं करतात तिथे, दिसला. पूर्वी पोलीस आरोपीला आणायचे, कोर्ट विचारायचं ‘वकील आहे का?’, पोरगं मान हलवायचं आणि कोठडीत जायचं. आता सहाय्यक वकील तिथेच बसलेली असते. कसाबच्या अपिलात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की, आरोपी पहिल्यांदा समोर आला की वकिलाचा हक्क त्याला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. सांगून झाल्यावर देण्यासाठी वकील मात्र आत्ता कुठे जागेवर आहे.

वीटभट्टीवरच्या एका पोराचं प्रकरण माझ्यासमोरचं. तांब्याच्या तारेची चोरी. जामीन मंजूर झाला, पण पंधरा हजारांचा जामीनदार पाहिजे. सातबारा असलेला माणूस भट्टीवर आणायचा कुठून? पोरगं जामीन होऊनही आतच. सहाय्यक वकिलीणबाई धावतपळत माझ्याकडे आल्या, कारण त्यांच्या कार्यालयातल्या प्रिंटरचं टोनर संपलेलं. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही न सुटलेल्या कैद्यांसाठी सूचना दिल्यात, त्यांचा आधार घेऊन अट शिथिल करण्याचा अर्ज त्यांनी उभ्याउभ्या सांगितला, मी टाइप केला. पोरगं जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटलं. केसमागे पैसे मिळत असते तर जामीन झाल्यानंतरच्या या धावपळीचे कोणी दिले असते?

खटल्यात मात्र माझं मत इतकं चांगलं नाही. पूर्वी पैसे केसमागे होते, आता महिन्याचे आहेत. उलटतपासाचे तेव्हाही नव्हते आणि आताही नाहीत. पंचाला (पोलिसांच्या पंचनाम्याच्या साक्षीदाराला) दोन तास घोळात घ्या नाहीतर ‘प्रश्न नाहीत’ म्हणून बसा, मानधन तेवढंच. मुख्य अभिरक्षकांचा एक उलटतपास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. पंचाने शेवटी कबूल केलं की, पंचनाम्यावर सही घटनास्थळी नाही, पोलीस ठाण्यात चहा पिताना केली. असं काम महिन्याच्या पैशातही होतं. पण त्याच आठवड्यात एक सहाय्यक हातात फाइलींचा गठ्ठा घेऊन साक्षीदाराचं नाव शोधत होता. कामाचा बोजा भयंकर आहे, बसायला एकच खोली, आणि तिथे आरोपीची बहीण घरातली गोष्ट सांगत असते तेव्हा शेजारच्या टेबलावरचे चार जण ऐकत असतात. शिवाय नेमणूक कराराची, सुरुवातीला दोन वर्षांची. एक हुशार मुलगा तयार झाला आणि खासगीत निघून गेला. त्याच्या केसेस नव्या माणसाने पहिल्या पानापासून वाचल्या. गुण द्यायचे तर रिमांड-जामिनाला दहापैकी आठ, खटल्याला पाच.

पॅनेल अजून पुरतं गेलेलं नाही. दोन आरोपी एकमेकांवर ढकलत असतील तर एकाला बाहेरचा पॅनेल वकील देतात, त्यामुळे बिलं थोडीफार येतात माझ्याकडे. फिर्यादी बाजूलाही हे कार्यालय चालत नाही, ते फक्त आरोपीचं.

जाणार असाल तर आधार कार्ड, एफआयआरची प्रत आणि पुढची तारीख लिहिलेला कागद न्या. कोठडीतल्या माणसाला आणि बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालू नका. तुरुंगातूनही अर्ज करता येतो, आणि फोन करायचा तर 15100. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गेलात तर वकील खोलीत सापडतात; सकाळी सगळे रिमांडला असतात. आणि आवारात कोणी ‘साहेबांना भेटवतो’ म्हणून पैसे मागितले तर सरळ प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या. तो अर्ज मी फुकट टाइप करून देईन.