दोन मुली, सहा आठवडे आणि नवऱ्याची सही : एका दवाखान्याचा अनुभव

बाळंतपणासाठी हा दवाखाना चांगला आहे, हे आधी सांगते. माझी धाकटी तिथेच झाली. सिस्टर मायाळू, खोल्या स्वच्छ. पण गर्भपातासाठी इथे जाऊ नका. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे दवाखाने प्रत्येक तालुक्याला आहेत.

तांबी बसवलेली असूनही मार्चमध्ये पाळी चुकली. मोठी नववीत, धाकटी पाचवीत, मी पतसंस्थेत कॅशियर. आम्हा नवरा-बायकोचं एका रात्रीत ठरलं.

सोनोग्राफी तिथल्या डॉक्टर मॅडमनी नीट केली. तांबी असताना गर्भ नळीत राहिल्याची भीती असते, म्हणून पिशवीतच आहे ना हे दोनदा पाहिलं. सहा आठवडे. इथवर काही तक्रार नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे पाप मी करत नाही. जीव आहे तो."

एखाद्या डॉक्टरला मनापासून असं वाटत असेल तर मी मान देईन. त्यांनी दुसरीकडची चिठ्ठी द्यावी, मी हात जोडून निघेन. पण पुढचं वाक्य होतं, "दोन्ही मुलीच ना? मग राहू द्या की. देवानं संधी दिलीय."

त्यांच्या पाठीमागेच बोर्ड होता, 'गर्भलिंग निदान करणे कायद्याने गुन्हा आहे'. सहा आठवड्यांना मुलगा की मुलगी हे कुणालाच दिसत नाही. तरी माझ्या पोटातला जीव त्यांनी मुलगा धरूनच वाचवायला घेतला होता. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला दोन मुलगे आहेत. गेल्या वर्षी तिचं क्युरेटिंग याच मॅडमनी केलं, तेव्हा पापाचा शब्दही निघाला नव्हता. मी अडून बसले तसं उत्तर बदललं : नवऱ्याची आणि सासूबाईंची सही आणा, पंधरा हजार होतील, मग बघू.

सही लागत नाही, बायांनो. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. साधन फसल्यामुळे दिवस राहिले, हे कारण कायद्यात आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित बाईलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. लिंगनिदानाचा कायदा वेगळा, १९९४ चा. डॉक्टरांना त्याच्या तपासण्यांची धास्ती असते, ते मला समजतं. पण ती धास्ती असेल तर तसं सांगावं, पापाचं पांघरूण घालू नये.

घरी सासूबाईही तेच म्हणाल्या, "भ्रूणहत्या नको आपल्या घरात." नऊ वर्षांपूर्वी जाऊबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांना कुठंतरी नेऊन आणलं होतं आणि घरात त्याला 'पिशवी साफ केली' म्हणत. ती मुलगी होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तो शब्द साफसफाईचा होता, आता हत्येचा. मी हे तोंडावर बोलले. आत्या, म्हणजे सासूबाईच, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "तेव्हा तुझे सासरे होते," एवढंच म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी उलटली नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीला शाळेत त्यांनीच सोडलं, मी दवाखान्यात जावं म्हणून.

मी गेले उपजिल्हा रुग्णालयात. केसपेपरसुद्धा फुकट. तिथल्या डॉक्टरांनी किती मुलं ते विचारलं, कोणती ते विचारलं नाही. आधी तांबी काढली, संमतीचा अर्ज वाचून दाखवला, सही माझी. पहिली गोळी समोर घ्यायला लावली, पुढच्या दोन दिवसांनी. रक्तस्राव किती झाला तर लगेच यायचं, हे सिस्टरनी पॅड मोजून सांगितलं : सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले तर रात्र असली तरी निघायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी, सगळं नीट.

उणीव एकच, बसायला जागा नाही. सकाळी साडेआठला पोहोचा, आधीची सोनोग्राफी आणि आधार कार्ड सोबत ठेवा, आणि सोबत येणारं माणूस कोण ते तुम्हीच ठरवा. माझ्यासोबत दुसऱ्या खेपेला आत्या आल्या होत्या.